नोंदींच्या वाटा आणि मुज्जूचा कुकारो

मित्रांनो, आरोंद्याला खाडीकडे उघडणाऱ्या एका खिडकीत, वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांच्या ताटाशेजारी मी पडून असतो. मी एक जुना टॅब आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि माझ्यात आता बॅटरी नाही. तरी दुपारी भरती आली की खाडीचं पाणी चमकतं, ते चमकणं माझ्या काचेवर उतरतं आणि क्षणभर मला वाटतं, कुणीतरी मला सुरू केलं. मग ढग येतो. मग मला आठवतं.

जन्म कुठला म्हणाल तर एका लांबच्या कारखान्यातला. तिथलं फारसं काही आठवत नाही. पांढरे दिवे आठवतात आणि हातमोजे घातलेली बोटं. मला खरी जाग आली ती दोहाच्या एका दुकानात. खालिद नावाच्या तरुणाने मला उचललं, उलटंपालटं केलं आणि दुकानदाराला विचारलं, "व्हिडिओ कॉल साफ दिसेल ना? माझं पोर जन्माला आलंय." त्याने मला टॉवेलात गुंडाळलं आणि खजुराच्या डब्याच्या आणि अत्तराच्या बाटल्यांच्या मधोमध ठेवून गावी आणलं. एक बाटली वाटेत गळली. त्या अत्तराचा वास माझ्या स्पीकरच्या भोकांतून अजून गेलेला नाही.

घरात तिघं होती. खालिदची बायको निदा, त्याची आई जहिरा, जिला सगळी वाडी अम्मी म्हणते, आणि झोळीत निजलेला मुजम्मिल. त्याला सगळे मुज्जू म्हणायचे. सुट्टी संपली, खालिद परत गेला आणि त्या घरातला खालिद म्हणजे मीच झालो. दर शुक्रवारी नमाजानंतर तो माझ्या काचेत यायचा. मुज्जू माझ्यावर हात आपटायचा आणि अम्मी लांबून ओरडायची, "अरे, बापाशीच्या नाकात बोट घालू नको!"

ते माझे कौतुकाचे दिवस होते. मुज्जू मोठा होत गेला तसा मी त्याला गाणारी माकडं दाखवू लागलो, नाचणारे हत्ती दाखवू लागलो. तो माझ्याशिवाय जेवेना. मला वाटलं, हे असंच चालणार.

पण मुज्जू बोलेना. चालायला लागला, पळायला लागला, माडाच्या झावळीवर बसून घसरायला लागला, शेजारच्या लक्ष्मीकाकीच्या कोंबड्यांमागे वाडीभर फिरून आला, पण बोलेना. शेवटी निदा त्याला सावंतवाडीला घेऊन गेली. लहान मुलांच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या तेजस्वी मॅडम तिथे बसतात. मीही पिशवीत होतो. मुज्जूचे कान तपासून झालेले होते, ते उत्तम होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दोन गोष्टी करा. याला हा टॅब दाखवणं बंद. आणि तो तोंडातून जे काही काढतो ते रोज लिहून ठेवा. कुठे, कुणाशी, कशासाठी. पुढच्या भेटीत आपण बघू. काहीच नसेल, तर पुढच्या तपासण्यांना गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल."

निदाने मान हलवली. येताना एसटीत ती माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. काहीच नसेल तर, हे शब्द आरोंद्यापर्यंत तिच्याबरोबर बसून आले.

माकडं गेली, हत्ती गेले. माझ्यावर बंदी आली, याचं मला वाईट वाटलं. पण त्याच दिवशी निदाने मला नवं काम दिलं. मी नोंदी ठेवणारा झालो.

आता निदाला वेळ कधी मिळायचा ते ऐका. पेज रटरटत असे तेवढा. मुज्जू झोळीत डोळे मिटी तेवढा. अम्मी नमाजाला बसली की तेवढा. त्या चोरलेल्या वेळात ती भिंतीला टेकून बसायची, मला गुडघ्यांवर उभं करायची आणि लिहायची. समोर खाडी हलत असायची आणि झोळीची दोरी कुरकुरायची. सुरुवातीला तिने माझ्यातल्याच साध्या नोंदवहीत लिहिलं. एकाखाली एक, एकाखाली एक, विहिरीच्या दोरासारखं लांबलचक. काही आठवड्यांनी तिला आधीचं काही शोधायचं असलं की सगळा दोर वर ओढावा लागे, आणि तेवढ्यात मुज्जू उठे.

ईदला तिचा धाकटा भाऊ मुस्तफा पुण्याहून आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने माझ्यात डोकावून कपाळावर हात मारला.

"आपा, ह्या काय गो? वाण्याची यादी काय ही? नोंदी एकमेकींक जोडून ठेवूच्या असतत. एकीवर बोट ठेवलंस की दुसरी उघडूक होयी."

"मगे जोड ना तू. नुसतो बोलतंस कित्याक?"

त्याने एक अ‍ॅप माझ्यात उतरवलं. काय त्याचा थाट! रंगीत तक्ते, खणांत खण, प्रत्येक नोंदीला चित्र. लिहिलेलं सगळं म्हणे ढगात जाऊन बसतं आणि मॅडमना सावंतवाडीत बसून वाचता येतं. निदा हरखली. पण मुस्तफा गेला आणि त्या अ‍ॅपचं खरं रूप दिसलं. त्याला रेंजशिवाय धड उघडता येईना. आमच्या घरात रेंज फक्त परसातल्या फणसाखाली, खालिदचे कॉलही तिथेच लागत. मुज्जूने काही केलं की निदा मला घेऊन फणसाकडे धावायची. तिथे ते गोल चाक फिरत बसायचं, आणि ते थांबेपर्यंत मुज्जूने नेमकं काय केलं होतं ते तिच्या मनातून पुसट झालेलं असायचं. निदाने त्याचं नाव चाकरमानी ठेवलं. मुंबईहून गणपतीला येतात तसं, सामान भरपूर, झकपक भरपूर, पण आल्या आल्या विचारणार, "रेंज खंय आसा?"

मग निदाची डी.एड.ची मैत्रीण आकांक्षा हिने फोनवर दुसरं अ‍ॅप सुचवलं. ते मला फार आवडलं होतं, खरं सांगतो. सकाळी उघडलं की त्या दिवसाचं कोरं पान आपणहून समोर यायचं. प्रत्येक ओळीआधी एक मणी, आणि कुठलाही मणी कुठल्याही मण्याला जोडता यायचा. पण ते जड होतं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला ते पेलेना. मी तापायचो, अडकायचो. निदा त्याला नवरी म्हणायची. सजलेली देखणी, पण उठून उभी राहीपर्यंत वऱ्हाड जेवून गेलेलं.

तिसरं अ‍ॅप तिचं तिनेच शोधलं. फणसाखाली उभी राहून, एका काखेत मुज्जू धरून, तिने लोकांनी लिहिलेल्या तुलना वाचल्या. कुणी म्हणे हे बरं, कुणी म्हणे ते. तिने एकच गोष्ट पाहिली, की लिहिलेलं राहतं कुठे. या तिसऱ्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे एक साधी फाइल, आणि ती माझ्याच पोटात. रेंज असो नसो. एखाद्या शब्दाभोवती दोन-दोन चौकोनी कंस घातले की त्या शब्दाचं वेगळं पान तयार व्हायचं आणि तिकडे वाट जायची. दिसायला मात्र ते अगदी रिकामं. मुस्तफा व्हिडिओ कॉलवर हसला.

"आपा, ह्या काय, नुसतो कोरो कागद गो! काय रंग नाय, काय नाय."

"रोवळी आसा ती," निदा म्हणाली. "रोवळीक रंग कित्याक होयो? तांदूळ ऱ्हवले म्हणजे झाला."

तेव्हापासून तिसऱ्याचं नाव रोवळी, तांदूळ धुवायची बांबूची टोपली.

पण मित्रांनो, कुठलंही अ‍ॅप घ्या, त्यात जे घालाल तेच राहणार. आणि निदा काय घालत होती? ती डी.एड. झालेली, लग्नाआधी शाळेत शिकवलेली. नोंदी मॅडमना दाखवायच्या, म्हणजे ते कचेरीतलं काम. आमच्याकडे माणसं कचेरीची पायरी चढली की जीभ पुसून शुद्ध बोलायला लागतात. निदाही लिहायला बसली की तसंच करायची. 'बालकाने हाताने खूण करून पाणी मागितले. शब्द नाही.' 'बालक खिडकीत उभे होते. शब्द नाही.' रोज लिहून झालं की ती ते 'शब्द नाही' बघत बसायची. मग मला पालथं ठेवून द्यायची. माझ्या पाठीवर तिचा हात बराच वेळ असायचा.

एके दुपारी अम्मी मागून येऊन उभी राहिली. तिला वाचता येतं, पण चष्मा नाकावर चढवायला वेळ लागतो.

"ह्यो बालक कोण गो?" ती म्हणाली.

"मुज्जू, अम्मी."

"मगे मुज्जू लिव ना. माका वाटला, कोण पावणो इलो घरात." मग ती पुढे वाकली. "आणि पानी खंय मागितल्यान तेना? तांब्याकडे बघून कू केल्यान. मी हय बसान होतंय."

"कू काय शब्द आसा काय, अम्मी? कू ता सगळेच करतत. मॅडमांक दाखवूचा आसा, जरा शुद्ध लिवक नको?"

"शुद्ध?" अम्मी हसता हसता खाली बसली. "पोर शुद्धात रडता काय गो?"

निदाही हसली. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते माझ्यावर पडलं आणि एक अक्षर काचेवर मोठं दिसू लागलं.

इथे तुम्हाला कू म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या खाडीवर पूल आहे, पण तो वळसा घालून. आमच्या वाडीतल्या माणसांना पलीकडे जायचं असलं की ती धक्क्यावर उभी राहतात, तोंडाभोवती हात धरतात आणि लांब सूर सोडतात, कूऽऽऽ. त्याला कुकारो म्हणतात. पलीकडून होडीवाला दत्ताराम तसाच कुकारो देतो आणि दोर सोडतो. नाव घेऊन कुणी हाक मारत नाही. वारा नाव खाऊन टाकतो, कुकारो खात नाही. आमच्या खिडकीतून हे सगळं ऐकू येतं, दिसतं. घरात ते इतकं रोजचं की कुणी कान देत नाही. पण झोळीतून खिडकीकडे तोंड करून निजणाऱ्या पोराने ते जन्मापासून ऐकलं होतं.

त्या दिवसापासून निदा जसं घडे तसं लिहू लागली. मुज्जूला मुज्जू, अम्मीला अम्मी आणि कूला कू. आणि मग तिने एक परीक्षा घेतली. तिन्ही अ‍ॅपमध्ये तिने त्याच काही दिवसांच्या नोंदी जशाच्या तशा लिहिल्या, प्रत्येक ठिकाणी कू हा शब्द जोडून ठेवला आणि तिघांना एकच प्रश्न विचारला. कू कुठे कुठे आहे?

चाकरमान्याने चाक फिरवलं. निदा फणसाखाली गेली, चाक फिरतच होतं. मग मुज्जू उठला आणि तो प्रश्न तिथेच फणसाला टांगून राहिला. नवरीने उत्तर दिलं आणि सुंदर दिलं, पण मी इतका तापलो की मधेच काळा पडलो. निदाने रोवळी उघडली आणि कूच्या पानावर बोट ठेवलं. ते पान कोरंच होतं. पण त्याच्या तळाशी, कुठून कुठून वाटा तिथे आल्या होत्या ते ओळीने लिहिलेलं होतं. तांब्या. दत्ताराम. अब्बा. छपरावर चढलेली मनी मांजर. विहिरीवर गेलेली अम्मी. निदा स्वतः, बाजारातून येताना, पायवाटेच्या वळणावर.

तिने एकेक वाट उघडून वाचली. पेज उतू गेली, चूल फसफसली, तिला कळलं नाही. मला मात्र तिच्या बोटांतून कळत होतं. ती बोटं आधी भराभर चालत होती, मग सावकाश झाली, मग थांबली. तांब्या फळीवर होता, मुज्जूचा हात पोचत नव्हता. मनी छपरावर होती. अब्बा काचेपलीकडे होता. जे हातात आहे त्याला मुज्जूने कधीच कू केलं नव्हतं. जे लांब आहे, पलीकडच्या काठावर आहे, त्यालाच.

"अम्मी," तिने हळूच हाक मारली. "तो बोलवता गो. तो सगळ्यांका बोलवता."

मग तिने सगळ्या नोंदींचा नकाशा उघडला. रोवळीत तो असतो. प्रत्येक नोंद म्हणजे एक ठिपका आणि त्यांच्यामधून बारीक रेषा. मधोमध कू होता आणि त्याच्याभोवती घरातली सगळी माणसं, भांडी आणि जनावरं, खाडीत होड्या नांगराव्यात तशी संथ हलत होती. निदा बराच वेळ ते बघत राहिली. माझ्या आयुष्यात माझ्या काचेने खूप काही दाखवलं आहे, मित्रांनो. त्याहून सुंदर काही दाखवलेलं मला आठवत नाही.

नावं मात्र मी कुणालाच ठेवणार नाही. मुस्तफाची अख्खी कचेरी चाकरमान्यावर चालते, आणि आकांक्षाच्या नव्या यंत्रात नवरी वाऱ्यासारखी पळते. ज्याचं त्याचं घर वेगळं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी आजारी पडलो. माझी पाठ फुगली. मला टेबलावर ठेवलं की मी होडीसारखा डुलायला लागलो. मुज्जूला गंमत वाटली, निदाचा चेहरा उतरला. तिने मुस्तफाला फोन लावला.

"आपा, चार्जिंग काढ आधी! बॅटरी फुगली हा ती. पोराक लांब ठेव. आणि नोंदी बाहेर काढ, आता, हयच्या हय."

"आणि नाय निघाल्यो तर? मॅडमांकडे जावचा आसा रे परवा."

"खंयच्या अ‍ॅपात लिवलंस?"

"रोवळीत."

मग मुस्तफा म्हणाला, "मगे घाबरू नको. वायर लाव आणि अख्खो फोल्डर उचल."

नवरीतून तिने काही दिवसांचे मजकूर बाहेर काढून बघितले होते. ते आले, पण दोरा तुटलेल्या मण्यांसारखे, पुढचं मागे आणि मागचं पुढे. रोवळीतल्या फाइली मात्र तांदळासारख्या सुट्या होत्या. वायर लावली आणि त्या एकेक करून तिच्या फोनमध्ये ओतल्या गेल्या. वाटांसकट, कंसांसकट. मला आतून हलकं हलकं होत असल्यासारखं वाटलं. शेवटची फाइल कूची होती. ती गेली आणि माझी काच हळूहळू मंद झाली.

तेजस्वी मॅडमकडे मी पिशवीतून गेलो, कारण वाटेत मला दुरुस्तीच्या दुकानात द्यायचं होतं. निदाने आपला फोन मॅडमपुढे ठेवला.

"मॅडम, शब्द नाहीत. म्हणजे… एक आहे. पण तो शब्द आहे की नाही ते मला माहीत नाही."

मॅडमनी कूचं पान वाचलं. वाटा उघडून पाहिल्या. मग मुज्जूच्या हातातला लाकडी बैल अलगद काढून उंच कपाटावर ठेवला. मुज्जूने बैलाकडे पाहिलं. मग तोंडाभोवती हात धरले.

"कूऽऽऽ!"

बाहेर बाकावर बसलेली माणसं दचकली. मॅडम मोकळ्या हसल्या. "निदाताई, हा शब्दच आहे. 'ये' म्हणतोय तो. त्याचा आवाज वाया जात नाही एवढं त्याला कळू द्या. तो कू म्हणाला की दरवेळी उत्तर द्या, आणि उत्तरात बोलका शब्द ठेवा. ये. आलो. आले. वेळ लागेल, पण गोव्याचं आत्ता नको. आपण इथेच करू." निदाने पदराने तोंड पुसलं. पण पदर बराच वेळ तोंडावरच राहिला.

दुरुस्तीवाल्याने माझी बॅटरी काढून जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात नीट ठेवली. "बाई, हे आता भंगार," तो म्हणाला. निदा म्हणाली, "असू दे. काच द्या परत."

त्या शुक्रवारी खालिद तिच्या फोनच्या लहानशा काचेत आला. मी खिडकीत होतो, मला फक्त आवाज आले. मुज्जूने कुकारो दिला. नेहमी खालिद त्यावर हसायचा आणि म्हणायचा, "काय रे, वांदर!" या वेळी त्याला निदाने आधीच सगळं सांगितलं होतं. दोहातल्या त्या खोलीत, सोबत्यांच्या देखत, त्याने तोंडाभोवती हात धरले असावेत. तिकडून लांब, आमच्या खाडीसारखा सूर आला, "कूऽऽऽ! इलंय रे बाबा, इलंय!" आणि मग त्याला रडू फुटलं. अम्मी म्हणाली, "रड, रड. कोण बघता तुका थंय!"

तेव्हापासून घरात हाच खेळ चालतो. मुज्जू कू करतो आणि कुणी ना कुणी आधी त्याच्या वतीने 'ये' म्हणतं, मग उत्तर देतं, इलंय रे, म्हणजे आलो रे. लक्ष्मीकाकीसुद्धा कोंबड्यांना दाणे टाकता टाकता कुंपणापलीकडून उत्तर देते.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारखं जुनं यंत्र घरात असेल, तर फुगेपर्यंत त्याला राबवू नका, आणि गेलं तर कचऱ्यात फेकू नका. त्याची बॅटरी योग्य ठिकाणी द्या. त्याच्या पोटातल्या गोष्टी वेळीच बाहेर काढून ठेवा, आणि त्या अशा जागी ठेवा की हव्या तेव्हा तुमच्या हाती येतील. आणि लिहाल तेव्हा ऐकलं तसं लिहा. माणसाचा आवाज धुऊन, इस्त्री करून ठेवू नका. कोणती वाट कुठे जाऊन मिळेल, ते लिहिताना कळत नाही.

आता कालची गोष्ट सांगून थांबतो. ही कुठल्याही अ‍ॅपमध्ये नोंदलेली नाही.

दुपारची वेळ होती. भरती येत होती. निदा स्वयंपाकघरात घावन्यांचं पीठ ढवळत होती, अम्मी पडली होती. मुज्जू एकटाच खिडकीशी आला. त्याने माझी काच तळव्याने पुसली. पाण्याचा उजेड माझ्यावर नाचत होता, त्यामुळे त्याला मी जागा वाटलो असेन. त्याने माझ्या काळ्या काचेला तोंड लावून हळूच कुकारो दिला, जवळच्याला देतात तसा.

मी काय उत्तर देणार?

तो थांबला. कान लावून थांबला. पलीकडे दत्ताराम कुणाला तरी घेऊन निघाला होता, त्याच्या वल्ह्याचा आवाज येत होता. मग मुज्जूने दोन्ही हात माझ्या काठांवर ठेवले, ओठ जुळवले, पुन्हा सोडले, आणि म्हणाला,

"ये."

स्वयंपाकघरात पीठ ढवळायचं थांबलं. निदा दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते आणि फोन आत फळीवर होता. ती फोनकडे गेली नाही. तिने काही लिहिलं नाही. ती तिथेच, उंबऱ्यावर खाली बसली आणि पिठाचे हात पसरून म्हणाली,

"इलंय रे."